नऊपैकी सहा ठसे

गांगुर्डेताई, आधी तुमचं नाव लिहितो. उज्ज्वला गांगुर्डे, माहेर नामपूरचं, घर नाशिकला, आणि नोकरी अंबडच्या आमच्या टेस्टिंग लॅबमध्ये. ह्या शहरात मला ज्यांनी हात दिला त्यांत पहिलं नाव तुमचं. दुसरं आठवायला बसलो तर आठवत नाही. हे सुरुवातीलाच लिहून मोकळा होतो, कारण पुढं जे लिहायचं आहे तिथं मी कुठं अडखळेन, कुठं पळवाट शोधीन, माझा मलाच भरवसा नाही.

तुमची लेक प्राची तुमच्या आठवणींची छोटी पुस्तिका काढतेय. मला म्हणाली, मामा, तुम्ही दोन पानं द्याच, आई तुमच्याविषयी फार बोलायची. काय बोलायची ते विचारायचं धाडस मला झालं नाही. हो म्हणालो आणि घरी आलो. तीन वेळा लिहायला बसलो आणि तिन्ही वेळा तुमचं कौतुक लिहून कागद फाडला. कौतुक खोटं नव्हतं. पण त्याच्याआड मी लपत होतो.

मी किनवटकडचा. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. नाशिकला आलो तेव्हा लग्न झालेलं होतं, पदरात एक मुलगी होती, आणि पितळी नळ चकचकीत करायच्या कारखान्यात चार वर्षं बफिंग केल्यानं थुंकीसुद्धा हिरवट यायची. लॅबच्या फाटकावर पाटी लागली होती, पॉलिशर पाहिजे. मला वाटलं, हे तर आपलंच काम. पहिल्या दिवशी तुम्ही माझ्यापुढं काळ्या बेकलाइटचा, म्हणजे कडक प्लास्टिकचा, एक गोळा ठेवला, बुद्धिबळाच्या सोंगटीएवढा. त्याच्या तोंडाशी धातूचा एक राखाडी तुकडा बसवलेला होता. मी तो पितळ घासतात तसा दोन्ही हातांनी दाबून घासला आणि पाच मिनिटांत चमकवून दिला. तुम्ही मायक्रोस्कोपखाली पाहिलंत आणि तुमच्या तोंडून माहेरची भाषा निघाली, "हाई काय शे?"

मला वाटलं, गेली नोकरी. तुम्ही खुर्ची सरकवलीत आणि म्हणालात, बसा, तुम्हीच बघा. त्या लॅबमध्ये मला 'तुम्ही' म्हणणाऱ्या तुम्ही एकट्या. मी डोळा लावला तर मला आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मग हळूहळू खाली नांगरलेलं रान दिसायला लागलं, सगळे माझे ओरखडे. हा टायटॅनियम आहे, मारोतराव, तुम्ही सांगितलंत. पोलादासारखा दाबून घासला की हा पसरतो, वरवर चमकतो आणि खालचं सगळं झाकून टाकतो. ह्याला पाण्याखाली, हलक्या हातानं, एकेक पेपर बदलत न्यायचं. खरखरीत पेपर, मग त्याहून बारीक, मग त्याहून बारीक, आणि शेवटी थोडा वेळ मखमली कापडावर. एकही पेपर गाळायचा नाही. पेपर गाळला की राहिलेले ओरखडे घालवायला मखमलीवर जास्त वेळ घासावं लागतं, आणि मखमल धातूची कड खाते. कड गोल झाली की कडेचं खरं कधीच कळत नाही.

हे वाक्य मी इतक्यांना शिकवलं आहे, ताई, की आता ते माझंच वाटतं. तुमचं आहे.

ज्यांनी आमचं काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी दोन ओळी लिहितो. मोडलेलं हाड जोडायला ज्या पट्ट्या बसवतात त्या ह्या मिश्रधातूच्या असतात. भट्टीत तापला की हा धातू हवा पितो आणि त्याच्या अंगावर एक कडक, ठिसूळ साल धरते. ती केसाहून पातळ असते. ती साल नीट काढली गेली नाही, तर पट्टीला तिथूनच चीर जायची. म्हणून पट्टीचा तुकडा आडवा कापून बेकलाइटमध्ये बसवायचा, घासायचा, आणि हिऱ्याच्या बारीक टोकानं कडेपासून आत एका ओळीत ठसे घ्यायचे. वजन शंभर ग्रॅमचं. ठसा डोळ्याला दिसत नाही. मायक्रोस्कोपमध्ये बारीक शंकरपाळ्यासारखा दिसतो. त्याचे कर्ण मोजायचे. ठसा लहान म्हणजे धातू कडक. दोन ठशांत पुरेसं अंतर ठेवायचं, कारण एकदा दाबलेल्या जागेच्या आजूबाजूचा धातू जरा कडक होऊन बसतो. एका तुकड्याला नऊ ठसे, हा आमचा रिवाज. कडेचे तीन सगळ्यांत महत्त्वाचे.

सुरुवातीला मी तुमच्याशी वादही घालायचो. एवढी मोठी पट्टी आणि एवढासा ठसा, त्यानं काय कळणार, ताई? तुम्ही डबा खाता खाता म्हणायच्या, पट्टी तुटायला सुरुवात होते ती एवढ्याशाच जागेतून. मी म्हणायचो, सगळीकडं जाऊन कोण बघतंय? तुम्ही हसायच्या, आपल्याला पगार त्याचाच आहे.

नियम असा होता की रीडिंग फक्त डिप्लोमावाल्यांनी घ्यायचं. एकदा तुम्ही गंमत म्हणून मला एक ठसा मोजायला लावलात. माझा आकडा तुमच्या आकड्याशी जुळला. दुसऱ्या दिवशीही जुळला. तुमचा डोळा बरा आहे, तुम्ही म्हणालात, आणि तिथून मी रफ कागदावर रीडिंग लिहायला लागलो. तुम्ही ती तपासून रजिस्टरला उतरवायच्या आणि खाली सही करायच्या. लॅबच्या साहेबांना हे माहीत नव्हतं. आमच्याबरोबर रीडिंग घेणाऱ्या निफाडच्या बोरस्तेला माहीत होतं. तो येता-जाता टोमणा मारायचा, काय भो, आठवी पास सायंटिस्ट, आमचं बी रीडिंग घ्या एकदा. त्यानं चुगली मात्र कधी केली नाही, हेही लिहायला हवं. घरी बायकोला मी सांगितलं, मी आता हिऱ्यानं काम करतो. तिला खरंच वाटेना.

आता तो शनिवार.

माझ्या धाकट्या बहिणीची सुपारी फुटायची होती. चौदा महिने मी गावाकडं गेलो नव्हतो. दुपारी मनमाडला जाणाऱ्या जीपमध्ये जागा सांगून ठेवली होती, तिथून पुढं रेल्वे. तुम्हाला हे सगळं माहीत होतं. सकाळी तुम्ही पिशवीतून एक साडी काढून माझ्या हातात दिलीत. येवल्याहून आणली आहे, सेमी पैठणी आहे, खरी नाही, पण पदर बरा आहे, बहिणीला द्या. आणि म्हणालात, हा एक तुकडा तेवढा संपवून जा, सोमवारी रिपोर्ट द्यायचा आहे.

मला स्वभावानंच सगळ्याची घाई आणि सगळ्याची भीती. दार लावलं की नाही हे मी तीनदा बघतो. जीप सुटेल, रेल्वे चुकेल, घरचे म्हणतील मोठा भाऊ असून आला नाही, ह्या विचारानं मी एक पेपर गाळला. ओरखडे राहिले. ते घालवायला मखमलीवर वेळ लावला. मशीनवर ठेवला, आतल्या बाजूनं ठसे घ्यायला लागलो. सहा चांगले आले, सगळ्यांचा कडकपणा तीनशे चाळीसच्या आसपास. कडेकडे सरकलो तर नजर बसेना. कड गोल झाली होती, तिथं धातू उताराला लागला होता. पुन्हा सगळं घासायचं म्हणजे किमान दोन तास. घड्याळ पाहिलं.

मी तीन आकडे मनानं लिहिले. आतल्या सहांशी जुळतील असे, जरा इकडं, जरा तिकडं, खरे वाटावेत म्हणून. अक्षर मात्र चांगलं आलं होतं.

तुम्ही कागद पाहिलात आणि म्हणालात, "छान सरळ आलंय की. कडेला काहीच नाही?"

"नाही, ताई."

एवढंच. तुम्ही रजिस्टरला उतरवलंत. मी साडी घेऊन जीपमध्ये बसलो. सुपारी फुटली, बहिणीनं साडीचा पदर सगळ्या गावाला दाखवला, आणि मी पोटभर जेवलो. हे मी मुद्दाम लिहितो. मला त्या दोन दिवसांत काहीही टोचलं नाही.

आठवड्याभरानं पट्ट्या बनवणाऱ्यांचा माणूस आला. त्यांनी शिपमेंटआधी एक पट्टी वाकवून पाहिली होती, तिच्यावर बारीक चिरा उमटल्या होत्या. कुणाच्या हाडात काही बसलं नव्हतं, तेवढं दैव. त्यांनी नवा तुकडा दिला. तो तुम्ही स्वतः घासलात, स्वतः मोजलात, आणि कडेची साल स्पष्ट निघाली. आमचा पहिला रिपोर्ट चुकीचा ठरला. साहेबांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. मी दारात उभा होतो, हातात तयार गोळ्यांचा ट्रे. साहेब ओरडले नाहीत. रजिस्टर उघडून त्यांनी विचारलं, हे रीडिंग कुणी घेतलं?

तुम्ही माझ्याकडं बघितलंदेखील नाही. "मी घेतलं, सर."

बोरस्तेनं माझ्याकडं बघितलं. ट्रेमधले गोळे एकमेकांवर वाजत होते, आणि मी ते वाजू नयेत म्हणून ट्रे छातीशी घट्ट धरला. तेवढंच केलं. एक पाऊल पुढं टाकलं असतं तर माझी नोकरी गेली असती, बायको आणि मुलगी डोळ्यांपुढं आली, हे सगळं खरं आहे. पण मी तेव्हा काही विचार करून गप्प बसलो, असंही नाही. मी नुसता गप्प बसलो.

रिपोर्टवर सही करायचा तुमचा अधिकार काढून घेतला. तुम्हाला पुढच्या काउंटरवर बसवलं, आलेले नमुने उतरवून घ्यायचे, लेबल लावायची. डिप्लोमा झालेली, पंधरा वर्षांचा अनुभव असलेली बाई, आणि हातात डिंकाची बाटली.

पण जायच्या आधी तुम्ही एक आठवडा मागून घेतलात. म्हणालात, मशीन तपासून सोपवते. तो आठवडा मला आयुष्यभर पुरला आहे, ताई. रोज सकाळी तुम्ही टेस्ट ब्लॉक काढायच्या, ज्याचा कडकपणा आधीच ठरलेला असतो तो पोलादी ठोकळा, आणि त्यावर ठसे घ्यायच्या. आकडा बरोबर यायचा. मग दिवा बदलला. मग लेन्स पुसली. मग वजन काढून पुन्हा घातलं. मी शेजारी बसून पेपर कापायचो आणि बघत राहायचो, की ही बाई मशीनमध्ये चूक शोधते आहे आणि चूक तर शेजारी बसली आहे. शेवटच्या दिवशी तुम्ही मशीनवर कापड टाकलंत, माझ्याकडं वळलात आणि अगदी हळू विचारलंत,

"मारोतराव, माझं शिकवण्यात काही चुकलं का?"

"नाही, ताई. मशीनच असेल."

तुम्ही थोडा वेळ कापडाची कड सारखी करत बसलात. "असेल," म्हणालात, आणि उठलात.

एक गोष्ट तेव्हा मलाच माहीत होती. साहेबांनी बोलावलं त्या दिवशी, केबिनमध्ये जायच्या आधी, मी ड्रॉवर उघडून तो शनिवारचा गोळा शोधला होता. शोधून त्याचं काय करणार होतो, ते इथं लिहायला नको. तो तिथं नव्हता. पट्ट्यांच्या कारखान्याचा माणूस घेऊन गेला असेल, अशी मी समजूत करून घेतली.

त्यानंतर तुम्ही मला टाळाल असं वाटलं होतं. उलट काउंटरवरून दुपारी हाक यायची. दहावीचा बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म तुम्हीच आणलात, तुम्हीच भरलात. माझ्यानं होत नाही म्हटलं की म्हणायच्या, कर्ण मोजता येतो आणि बीजगणित येत नाही, असं कसं? जेवणाच्या सुटीत नमुन्यांच्या लेबलांच्या मागच्या बाजूला गणितं. इंग्रजीत मी काठावर पास झालो तेव्हा तुम्ही सगळ्या लॅबला पेढे वाटलेत, आणि बोरस्तेनं पहिल्यांदा मला 'मारोती सर' म्हटलं. मी माझा पेढा कागदात गुंडाळून खिशात टाकला. तुम्हाला वाटलं, मुलीसाठी.

दोन वर्षांनी तुमचा सहीचा अधिकार परत आला. तोवर तुमच्या हक्काची जागा बोरस्तेला गेली होती. दोन हजार साल उलटल्यावर कॅमेऱ्याचं, कॉम्प्युटरचं नवं मशीन आलं, ते माझ्याकडं दिलं. आता माझ्या नावापुढं टेक्निशियन लागतं. ही खुर्ची तुमची होती.

सांगायची वेळ आली नाही असं म्हणायची मला सोय नाही. पुष्कळ वेळा आली. तुम्ही निवृत्त झालात त्या दिवशी. प्राचीच्या लग्नात. शेवटी दवाखान्यात, तुमच्या हाताला सलाइन लावलेलं, प्राची औषधं आणायला गेलेली, खोलीत आपण दोघंच. मी म्हणालो, ताई, एक बोलायचं होतं. तुम्ही म्हणालात, आधी मला सांगा, तुमच्या बहिणीचं कसं चाललंय? ती साडी नेसते का अजून? नेसते, म्हणालो. मुलं किती? दोन. मग तुम्हाला ग्लानी आली. मी ठरवलं, पुढच्या खेपेला.

जलदान विधीला वसाहतीतल्या विहारात बसलो होतो. वंदना झाली, लोक उठून तुमच्याविषयी बोलले. मलाही बोलायला सांगितलं. मी म्हणालो, ताईंनी मला घडवलं, आणि खाली बसलो. लोकांनी माना डोलावल्या. म्हणजे तुमच्या फोटोसमोरही मी तेच केलं, सहा आकडे खरे सांगितले आणि बाकीच्यांवर हात ठेवला.

जेवणं झाल्यावर प्राचीनं मला बाजूला घेतलं. तिच्या हातात पावडरीचा जुना पत्र्याचा डबा होता. आई म्हणाली होती की हा मामांना द्यायचा, आत काय आहे ते मला माहीत नाही, कामाचं असेल.

कापसात गुंडाळलेला बेकलाइटचा गोळा. पाठीवर सुईनं कोरलेला नंबर, माझ्या हातचा.

दुसऱ्या दिवशी लॅब उघडल्या उघडल्या मी तो मशीनखाली ठेवला. टायटॅनियमला गंज चढत नाही. इतक्या वर्षांनंतर तो त्या शनिवारी होता तसाच होता, चकचकीत. आतून सुरू केलं. पहिला ठसा, दुसरा, सहावा. पुढं कडेपर्यंत काही नाही. नुसता गुळगुळीत उतार, जिथं माझ्या मखमलीनं कड खाल्ली होती. नऊ आकडे लिहिलेले आणि ठसे सहाच. आकडा कागदावर मनानं लिहिता येतो, ताई, ठसा नाही. इतकी वर्षं हे काम करून ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती, की तो गोळा तुम्हीच उचलून पाहिला असेल.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. केबिनमध्ये जायच्या आधीच गोळा ड्रॉवरमधून निघालेला होता. म्हणजे तो आठवडा तुम्ही मशीन तपासत नव्हतात. तुम्ही मला रोज एक सकाळ देत होतात. आणि तो प्रश्न, शिकवण्यात काही चुकलं का, तो तुम्ही उघडून ठेवलेला दरवाजा होता, आणि मी म्हणालो, मशीनच असेल.

मी तिथं मशीनपुढं डोकं टेकवून बसलो. शिकाऊ मुली आल्या, त्यांना वाटलं माझी तब्येत बिघडली.

एका गोष्टीवर मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे. आता तुम्ही उत्तर द्यायला नाही म्हणून नव्हे. असतात तरी भांडलो असतो, असं म्हणावंसं वाटतं, पण तेही खरं नाही. तुम्ही मला बोलायला लावायला हवं होतं, ताई. कान धरून, हा गोळा समोर ठेवून. तुम्ही मला वाचवलंत, पण दाबलेल्या जागेशेजारच्या धातूसारखा मी आतून कडक होत गेलो. बायकोशीसुद्धा मी कधी चूक कबूल केली नाही. मोठ्या मनाची माणसं समोरच्याला लाज वाटायला जागा ठेवतात, पण तिथं काही माणसं घर करून राहतात. हे लिहिताना कळतं आहे की मी अजूनही माझ्या चुकीतला थोडा वाटा तुमच्याकडं सरकवतो आहे. राहू द्या. खोडत नाही. तुम्ही असतात तर हसला असतात.

हे कागद मी प्राचीला पोस्टानं पाठवणार नाही. समोर बसून वाचायला देईन. ती मामा म्हणणं बंद करेल का, ह्या भीतीनं दोन दिवस झोपेचं खोबरं झालं आहे. तिनं हे छापलं तर बोरस्ते वाचेल, साहेब वाचतील, आता थकले आहेत ते. त्यांना कळू दे की रजिस्टरमधली ती सही चुकीची नव्हती, तिच्यावरचे आकडे माझे होते. तिला छापावंसं वाटलं नाही, तर साहेबांकडं मी स्वतः जाईन.

आणि तुमची परतफेड. ती एका दिवसात व्हायची नाही, म्हणून शब्द देऊन ठेवतो. तुमचा गोळा आता माझ्या टेबलावर आहे. नवं माणूस आलं की त्याला पहिल्या दिवशी मी तोच मशीनखाली ठेवायला सांगीन, ठसे मोजायला लावीन, आणि बाकीचे तीन कुठं गेले ते माझ्या तोंडानं सांगीन. कधीतरी त्यांच्यातलं एखादं घाईत कड खाईल, मनानं आकडा लिहील, आणि केबिनमध्ये विचारलं जाईल, रीडिंग कुणी घेतलं? त्या दिवशी मी त्याच्या शेजारी उभा राहीन, ताई. सही माझी असेल, शिक्षाही मी घेईन. पण आधी त्याला बोलू देईन. तो बोलेपर्यंत हलणार नाही.